बोक्याचं घोरणं

टक्क.

लाकडी ठोकळा फरशीवर पडल्याचा आवाज. एवढासाच, पण दुपारच्या त्या घरात तो केवढा तरी झाला. पाच वर्षांची ठकी शाळेतून येऊन, जेवून झोपली होती. सासरे पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत कलंडले होते. आणि ठकीची आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून कालच्या गिऱ्हाइकाच्या बाळावर हात फिरवत बसली होती. म्हणजे बाळाच्या फोटोवर. गालावरचं पुरळ पुसायचं, नखाचा ओरखडा पुसायचा, बाळाला धरून बसलेल्या आईच्या डोळ्यांखालचं जागरण थोडं फिकं करायचं. तान्ह्या बाळांचे फोटो काढणं हा तिचा धंदा, आणि दिवसातला हा एवढा एकच तास तिला कोणी हाक मारत नसे.

तिनं मान वर केली नाही. बोक्याच्या तोंडातून ठोकळा पडला असेल, झालं. रोजचंच. बोटं चालत राहिली, पण कान मात्र थबकले. ठोकळा पडला की पाठोपाठ घोरणं सुरू व्हायचं, ओल्या लाकडात करवत अडकावी तसं. आज ते आलंच नाही. घर खरोखरच शांत होतं, आणि बोका घरात असताना घर कधी शांत नसे.

ती उठली. बोका बाहेरच्या खोलीत दाराशी आडवा पडला होता. चारी पाय ताठ, मान ताणलेली, आणि एरवी गुलाबी असणारी जीभ शाईत बुडवून काढल्यासारखी. बरगड्या वर-खाली होत होत्या, पण हवा कुठून येतही नव्हती आणि जातही नव्हती.

"बाबा! ठकीकडे बघा, मी चालले!"

"काय झालं गं? अगं, पायात काहीतरी घाल..."

सासऱ्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत ती त्याला पोटाशी धरून जिना उतरली होती.

बोका हे कुत्र्याचं नाव, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

ती ठकीच्या आधीची गोष्ट. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता, आणि संध्याकाळी घरात बोलायचे विषय एकेक करून आपोआप बंद होत गेले होते. राहता राहिला एक. कुत्रा घ्यायचा झालाच, तर कोणता?

नवऱ्याचा अल्सेशियन ठरलेला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर इमारतींच्या पोटात, विहिरीसारख्या खड्ड्यात उभा. "वर कोणीतरी कान टवकारून बसलंय एवढं माहीत असलं ना, की माणूस खाली निवांत काम करतो," तो म्हणायचा. "शिवाय या घरात एकाला तरी ऐकू यायला हवं. चहा मागून मागून माझा घसा बसतो."

सासऱ्यांना ग्रेट डेन हवा होता. त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात घालवला. त्यातल्या एका साहेबाच्या फाटकात तसला कुत्रा होता. "वासराएवढा! भुंकायचा म्हणून नाही. नुसता उभा राहायचा. त्याच्या समोर भलेभले आवाज खाली आणून बोलायचे. आपल्याशी बुवा कोणी तसं बोललं नाही कधी."

"वासराएवढा आणला तर आम्ही झोपायचं कुठे, बाबा?"

"तुम्ही गॅलरीत."

आणि ती म्हणायची, पग.

"ते नकटं?" नवरा कपाळाला हात लावायचा. "अगं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात. हे घरात येण्याआधीच काहीतरी होईल."

का हवा, ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. तिला ठाऊक नव्हतं असं नाही, उलट तिला जितकं ठाऊक होतं तितकं कोणालाच नसेल. दिवसभर ती दुसऱ्यांची बाळं कॅमेऱ्यात बघायची. कुठल्या चेहऱ्याकडे पाहून माणसाच्या तोंडून "अगं बाई गं" निघतं, हे तिला पाठ होतं. मोठं कपाळ, टपोरे डोळे, आणि नाक नसल्यासारखं. म्हणून तर ती कॅमेरा नेहमी थोडा वरून धरायची. वरून घेतलं की डोळे मोठे होतात, नाक लपतं, आणि आजी-आजोबा त्याच फोटोवर बोट ठेवतात. नाक जितकं कमी तितका जीव जास्त लागतो, हे तिच्या धंद्यातलं साधं गणित. पगाच्या पिल्लाला कॅमेरा वरून धरायचीही गरज नव्हती. त्याच्याकडे कुठूनही पाहिलं तरी ते बाळच दिसायचं, आणि ते संध्याकाळी कोणी परत घेऊन जाणार नव्हतं.

शेवटी एका रविवारी ती टोपली घेऊन घरी आली. नवऱ्यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "याला कुत्रा म्हणतात? हा तर बोका आहे." तेच नाव पडलं. ज्याला अल्सेशियन हवा होता तो महिन्याभरात त्या टीचभर बोक्याला खांद्यावर घेऊन भाजी आणायला जाऊ लागला, आणि ज्यांना ग्रेट डेन हवा होता ते पेपर वाचताना त्याला पायावर झोपवू लागले.

मग ठकी झाली. बोक्याला दादापण आलं.

आणि काय एकेक सवयी त्याच्या! झोपायचा तो बसून. बसल्या बसल्या डोलायचा, पुढे कलंडायचा आणि दचकून जागा व्हायचा. "सरकारी नोकर आहे," सासरे म्हणायचे. कधी उंबऱ्यावर हनुवटी टेकून झोपायचा, एखाद्या राजानं उशी मागवावी तसा. आणि गाढ झोपायचं असलं की ठकीच्या खेळण्यांतला लाकडी ठोकळा दातांत धरायचा. तो धरूनच झोपायचा. त्याचा तसा एक फोटो तिनं काढला होता. डोळे मिटलेले, तोंडात लाल ठोकळा. स्टुडिओच्या काचेत तो लावल्यापासून रस्त्यानं जाणारी माणसं थांबू लागली. गल्लीतल्या दोन घरांनी तो फोटो पाहून पग आणले.

घोरणं तर विचारूच नये. "आमच्याकडे वीज गेली तरी चिंता नाही," नवरा साइटवरच्या लोकांना सांगायचा, "जनरेटर आहे." पण त्याच घोरण्यावर ठकी जन्मल्यापासून झोपली. रडून रडून लाल झालेली पोर बोक्याशेजारी ठेवली की त्या घर्रघर्र लयीत पापण्या मिटायची. ते पाहून तिनं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं. स्टुडिओत बाळ काही केल्या झोपेना की फोन टोपलीखाली सरकवायचा आणि लावून द्यायचं. हळूहळू बाळाच्या मुठी सुटायच्या. आयांमध्ये तिचं नाव झालं ते फोटोंपेक्षा त्यामुळेच. "तिच्याकडे जा, तिच्याकडे बाळ रडत नाही."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या दुपारी त्यांनी बोक्याला टेबलावर घेतलं, तोंडावर प्राणवायूचा मास्क धरला, पोटाखाली ओले टॉवेल घातले. बऱ्याच वेळानं जिभेचा रंग पालटला. त्यानं डोळे उघडले, शेपटीचं वेटोळं किंचित हललं, आणि तीच ओळखीची घर्रघर्र सुरू झाली.

तिचा जीव भांड्यात पडला. "सुरू झाला हो! घोरायला लागला म्हणजे आता बरा आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "किती दिवसांपासून आहे असं?"

"असं म्हणजे? आजच झालं. एरवी अगदी ठणठणीत असतो. ऐका तुम्ही, हा बघा त्याचा नेहमीचा आवाज." तिनं कौतुकानं फोन काढला. "यावर आमच्या स्टुडिओत बाळं झोपतात."

खोलीत घोरणं भरून राहिलं. टेबलावरचं आणि फोनमधलं. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हात पुढे करून फोन हळूच पालथा ठेवला.

"हा जागा होता की झोपलेला?"

"झोपलेला. गाढ."

"गाढ नाही हो," त्या म्हणाल्या. "मध्ये मध्ये आवाज थांबतो बघा. तिथे श्वास बंद पडलाय त्याचा. मग धडपडून पुन्हा घेतलाय. बसून झोपतो का?"

"हो."

"कशावर तरी मान टेकून?"

"हो. उंबऱ्यावर."

"तोंडात काही धरतो?"

"ठोकळा," ती म्हणाली. "पण ती त्याची आवड..."

"तोंड उघडं राहावं म्हणून धरतो. नाकपुड्या बघा त्याच्या. नुसत्या चिरा आहेत. आत टाळूचा पडदा एवढा लांब, की आडवं झालं की घशात पडतो. तोंड मिटलं की संपलं. त्याचं त्यानं शोधून काढलंय ते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जड गेलं. "चूक तुमची एकट्याची नाही. माझ्याकडे येणारे सगळे हसत हसतच सांगतात. चेहरा असा हवा म्हणून माणसांनी पिढ्यान् पिढ्या नाक आत ढकललं. तोंडातली बाकीची सामग्री मात्र तेवढीच राहिली. ती जाणार कुठे?"

पुढचं त्यांनी सरळ सांगितलं. नाकपुड्या रुंद करायच्या, टाळू कापून आखूड करायची, हे लहानपणी केलं असतं तर सोपं होतं. आता ओढून ओढून घसाही ढिला पडला होता. शस्त्रक्रिया केली तर नंतर सूज येऊन तो हातचा जाऊ शकत होता. नाही केली तर आजच्यासारखं पुन्हा होणार, आणि कधीतरी एकदा ती घरात नसणार.

"उद्यापर्यंत ठरवा," त्या म्हणाल्या. "तोवर त्याला इथेच राहू दे."

संध्याकाळी नवरा आला तो ग्रीसच्या हातांनी तसाच खुर्चीत बसला. तिनं सगळं सांगितलं. ठोकळ्याचं सगळ्यात शेवटी.

"म्हणजे मी जनरेटर, जनरेटर करायचो..." तो म्हणाला.

सासऱ्यांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "माझ्या पायावर का झोपायचा, ते आत्ता कळलं. मला वाटायचं, माया."

"माया पण असेलच ना, बाबा."

"असेल," ते म्हणाले. "पण मान वर राहायची ना त्याची. पोरी, तू आणलंस त्याला. तू म्हणशील ते. पण मला विचारशील तर, एवढी वर्षं त्यानं श्वासासाठी मजुरी केली. एकदा तरी फुकटात मिळू दे."

नवऱ्यानं मान हलवली. तिनंही मग तेच ठरवलं, शस्त्रक्रिया करायची. ठरवलं म्हणजे काय, बोक्यानं एकदा तरी पाय पसरून झोपावं, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यासाठी तो गमवावा लागला तर, हा विचार तिनं पुरा होऊच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू होतं. "या, बघा."

बोका टेबलावर पोटावर बसला होता. जागा. तोंडातून श्वासाची नळी बाहेर आलेली, ती फडक्याच्या पट्टीनं बांधलेली. डोकं वर, डोळे लख्ख.

"दुसरी कुत्री शुद्धीवर आली की पहिली ही नळी फेकून देतात. खोकतात, चावतात," त्या म्हणाल्या. "ही नकटी मंडळी मात्र सोडत नाहीत. बसून राहतात घेऊन. जन्मात पहिल्यांदा हवा मिळत असते ना."

ती जवळ गेली. आणि तिला कसंतरीच झालं, कारण खोलीत काही आवाज नव्हता. बोका तिच्याकडे बघत होता, शेपटी हलवत होता, आणि त्याच्या आत हवा जात होती, येत होती, तुमच्या-आमच्या आत जावी तशी, गाजावाजा न करता. त्याच्या कपाळावरच्या आठ्या, ज्यांना ते सगळे 'विचारवंत' म्हणून चिडवायचे, त्या निम्म्या झाल्या होत्या. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फोन पर्समध्येच राहिला. असा शांत बोका तिनं कधी पाहिला नव्हता, आणि हा फोटो तिला काढावासा वाटला नाही.

"नळी अशीच राहू द्या ना," ती म्हणाली.

"नाही राहू देता येत, बाई."

नळी काढली. थोडा वेळ सगळं बरं होतं. मग घसा सुजू लागला. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती, नुसती हलणारी पाठ, आणि नंतर ती हलायची थांबली.

बोक्याला घरी आणलं तेव्हा नवऱ्यानं त्याला खांद्यावर घेतलं नाही. दोन्ही हातांवर आडवं घेतलं. शहराबाहेर एका ओळखीच्या माणसाची मोकळी जागा होती, तिथे पुरलं. सासरे तिथे काहीतरी बोलायचं म्हणून उभे राहिले आणि नुसतंच "चला," म्हणाले.

ठकीला तिनं खरं तेच सांगितलं. बोक्याचं नाक फार छोटं होतं, म्हणून हवा आत जात नव्हती. डॉक्टरांनी मोठं करून पाहिलं, पण उशीर झाला होता. ठकी रडली, मग बिस्किटं खाल्ली, मग परत रडली. त्यानंतर तिला आवाजाशिवाय झोप येईना. तिचा बाप तिच्या शेजारी आडवा व्हायचा आणि खोटं खोटं घोरायचा. "असं नाही," ठकी म्हणायची. "बोका मध्ये थांबायचा." मग तो घोरणंच बंद करायचा आणि तिला थोपटत राहायचा.

काही दिवसांनी तिनं स्टुडिओ उघडला. काचेतला फोटो आधीच काढून आणला होता, तिथे आता चौकोनी, जरा उजळ जागा होती. पहिलंच गिऱ्हाईक तान्ह्या मुलाला घेऊन आलेलं जोडपं. पोरानं भोकाड पसरलेलं. ठकीला त्या दिवशी शाळा नव्हती, म्हणून ती कोपऱ्यात सतरंजीवर रंगखडू घेऊन बसली होती.

"ताई, तुमच्याकडे तो आवाज आहे ना?" बाळाची आई घाम पुसत म्हणाली. "माझ्या बहिणीचं बाळ दोन मिनिटांत झोपलं म्हणे."

फोन तिच्या हातात होता. अंगठा जिथे जायचा तिथे गेलाही. मग तिनं फोन टेबलावर ठेवला. "तो आवाज आता लावत नाही मी. आणा इकडे."

तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागली. वेळ लागला. खूपच लागला. बाप दोनदा बाहेर जाऊन आला. शेवटी पोर झोपलं, तोंड मिटून, नाकानं बारीक श्वास घेत. ती तो श्वास ऐकत उभीच राहिली.

"ताई? झोपला ना?"

"अं? हो. झोपला."

टोपलीत ठेवल्यावर तिनं सवयीनं कॅमेरा वर धरला. तशीच थांबली. मग गुडघे टेकून खाली बसली आणि कॅमेरा बाळाच्या बरोबरीला आणला.

बापानं स्क्रीनवर पाहिलं. "नाक जरा जास्तच दिसतंय का हो?"

"तेवढंच आहे ते," ती म्हणाली. "चांगलं आहे."

"आमच्या वडिलांवर गेलंय," बाळाची आई म्हणाली, आणि दोघं नवरा-बायको कुणाचं नाक यावरून हळू आवाजात भांडत, पोराला उचलून निघून गेली.

स्टुडिओत दोघीच उरल्या. तिनं दिवे मालवले, टोपलीतली दुलई झटकली आणि ठकीशेजारी सतरंजीवर बसली. ठकी कागदावर वाकून, जीभ बाहेर काढून रंगवत होती. पिवळटसर अंग, काळे कान, शेपटीचं वेटोळं. आणि तोंडापासून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं लांबच लांब नाक.

"हा कोण गं?"

"बोका."

"बोक्याचं असं नाक कुठे होतं?"

"नव्हतंच. म्हणून तर काढलं," ठकी म्हणाली. "आता याला हवा मिळते. बघ, केवढी जागा आहे."

तिनं पाहिलं. जागा होती खरी. ठकीनं नाकाच्या टोकाला काळा खडू घेऊन दोन मोठी भोकं काढली, दाबून दाबून, कागद जवळजवळ फाटेपर्यंत. मग जरा मागे सरकून, मान तिरकी करून आपल्याच चित्राकडे बघत राहिली, जसं आईला फोटोकडे बघताना ती रोज पाहायची.

"आई."

"काय गं?"

"याचं नाक असं असतं, तर तू याला आणलं असतंस?"